आमच्या घरचा बुधवार

शुक्रवारला जुम्मा आहे, रविवारला सुट्टी आहे, सोमवारला निदान कंटाळा तरी आहे. बुधवारला स्वतःचं असं काही नाही. वर्षातून एकदा सफर महिन्याचा शेवटचा बुधवार येतो. ‘आखरी चहारशंबा’ म्हणून काही घरांत त्या दिवशी गोडधोड करतात, बागेत फिरायला जातात. उलमा सांगतात की या प्रथेला दीनमध्ये आधार नाही. आमच्या मरहूम सासूबाई ऐकून घ्यायच्या, मान डोलवायच्या आणि खीर शिजवायच्याच. "खीर को आधार किस वास्ते लगता?" असं म्हणायच्या.

पण आमच्या घरात अख्खा आठवडा बुधवारभोवती फिरतो. कारण अगदी साधं आहे. माझे धाकटे दीर मुंब्र्याला राहतात, एका शिलाई कारखान्यात कटिंग मास्तर आहेत आणि त्यांच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते. नणंद कुर्ल्याला दिलेली आहे. सासूबाईंच्या इंतकालानंतर चाळिसाव्याला सगळे जमले होते, तेव्हा अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एवढंच सांगितलं, "बुध का खाना इधरच खाओ." तेव्हापासून पाच वर्षं झाली. रमजान सोडला, पावसात हार्बर लाइन बंद पडली ते दिवस सोडले, तर बुधवार चुकलेला नाही.

माझी शाळा सकाळच्या सत्राची. साडेबाराला सुटल्यावर बुधवारची कामं सुरू होतात, आणि ती कामं म्हणजे एक मोहीमच असते. आधी जेनेरिक औषधांच्या दुकानातून अब्बांच्या साखरेच्या गोळ्या. मग बँकेत पासबुक छापून घ्यायचं, कारण अब्बांना मोबाइलवरच्या आकड्यावर भरवसा नाही, त्यांना कागदावर शाई दिसली पाहिजे. मग चक्की. ज्वारी दळून घेताना मी तिथेच उभी राहते. आमच्या आधी कोणी गहू दळला असेल तर पहिलं पसाभर पीठ बाजूला काढायला लावते, नाहीतर भाकरी नीट थापत नाही. आणि शेवटी गोश्त.

ज्यांच्या घरी फक्त शुक्रवारी गोश्त आणतात त्यांना बुधवारची रांग माहीत नसेल. आमच्या भागात खाटकाच्या दुकानात खरी गर्दी बुधवार, शुक्रवार, रविवारची. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, गुरुवार दत्ताचा किंवा साईबाबांचा, शनिवार मारुतीचा. शेजारच्या मराठी बायकांना मटणासाठी हे तीनच वार मोकळे असतात. त्यामुळे बुधवारी दुपारी मी, समोरच्या चाळीतल्या काकू, आणि आमच्याच शाळेत बालवाडीला असणाऱ्या ताई अशा एका रांगेत उभ्या असतो. काकूंना सुक्क्यासाठी मांडीचं हवं असतं, मला दालच्यासाठी नळी आणि सीना. भांडण होत नाही, उलट दोघींचं भागतं. श्रावणात हीच रांग एकदम रिकामी होते आणि खाटीक भाई मला विचारतात, "टीचर, आज इतनी जल्दी?"

दालचा आमच्याकडे मराठवाड्याच्या पद्धतीचा होतो. अब्बांचं मूळ गाव बीड जिल्ह्यातलं. 1972 च्या दुष्काळात वडिलांचं बोट धरून ते मुंबईला आले तेव्हा चौदा वर्षांचे होते. चेंबूरच्या डोंगराच्या कडेला त्यांच्या वडिलांनी पत्र्याची खोली उभी केली. त्या वेळी तिथे पाणी नव्हतं, वीज नव्हती. रिफायनरीचा वास होता, तो अजून आहे. आणि जवळच एक प्रचंड मोठं हिरवं मैदान होतं, तेही अजून आहे. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं ते मैदान, 1927 सालापासूनचं. दुष्काळातून आलेल्या पोराला सगळ्यात आधी काय दिसलं, तर कोणी चरायला जनावर सोडत नाही, कोणी कापून नेत नाही, असं गवत. अब्बा सांगतात, "मेरे कू लगा, इत्ता चारा! और एक बी भैंस नै!"

पुढच्या वर्षी ते तिथे कॅडी म्हणून लागले. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहणारा, एवढंच मला लग्नाआधी वाटायचं. बॅग तर वाहायचीच. नियमाप्रमाणे तीत जास्तीत जास्त चौदा काठ्या असतात, बारा-पंधरा किलोचं ओझं खांद्यावर घेऊन अठरा होल पुरे करायचे म्हणजे सहा-सात किलोमीटरची चाल होते. पण त्याशिवाय बॉल कुठे पडला ते डोळ्यांनी पकडून ठेवायचं, इथून झेंडा किती लांब आहे ते सांगायचं, कोणती काठी घ्यावी ते सुचवायचं, गवताचा उतार कुठल्या बाजूला आहे ते ओळखायचं, वाळूच्या खड्ड्यात उठलेले पाय दाताळ्याने पुसायचे. आणि हे सगळं करून गप्प राहायचं. अब्बांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ हे काम केलं. त्यावर तीन मुलं शिकवली, एका मुलीचं लग्न केलं. गुडघे गेले ते त्या कामातच गेले.

गोल्फबद्दल आपल्या घरांत बोलणं निघत नाही. तो बड्या लोकांचा खेळ, आपला काय संबंध, असं सरळ म्हटलं जातं. अब्बांना हे मान्य नाही. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण आहे, अली शेर यांचं. दिल्लीच्या गोल्फ क्लबवर कॅडीचं काम करता करता खेळ शिकलेला हा माणूस 1991 साली इंडियन ओपन जिंकला. ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. 1993 साली पुन्हा जिंकला. ज्या मैदानावर तो पहिल्यांदा जिंकला तिथे ‘लाल बंगला’ म्हणून मुघल काळातला मकबरा उभा आहे. अब्बा दिल्लीला कधी गेलेले नाहीत, पण मकबऱ्याच्या बाजूने बॉल कसा न्यायचा याचं त्यांचं ठाम मत आहे. कोलकात्याच्या चौरासियाचंही त्यांना कौतुक. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये गवत राखायचे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या बाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब म्हणतात तो हाच, 1829 चा. मुलगा तिथे राहून बघून बघून शिकला आणि 2008 मध्ये इंडियन मास्टर्स जिंकला.

अब्बा स्वतः कुठली स्पर्धा खेळले नाहीत. पण खेळायचे, आणि खेळतात. तेही आमच्या गल्लीत.

चेंबूरच्या वस्तीतलं हे गल्लीगोल्फ ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. बांधकामाची सळई घ्यायची. तिचं एक टोक तापवून वाकवायचं आणि ठोकून चपटं करायचं. दुसऱ्या टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, म्हणजे हात सोलत नाही. बॉल प्लास्टिकचा, हलका. खऱ्या गोल्फचा बॉल गल्लीत वापरला तर एखाद्याचा दात जाईल आणि पत्राही. होल म्हणून कुठे खडूचं वर्तुळ, कुठे फुटक्या बादलीचा तळ, कुठे नळाच्या खालचा खळगा. मैदानावर काम करणाऱ्या पोरांनी पिढ्यान् पिढ्या हा खेळ असाच चालवला आहे. आमच्या गल्लीत सहा होल आहेत. तिसरा होल जिन्याखाली आहे आणि तो सगळ्यात अवघड, कारण मधे पाण्याचे निळे पिंप येतात.

बुधवारी असरची नमाज पढून अब्बा मशिदीतून परततात, टोपी खुंटीला लावतात, गुडघ्याला पट्टा बांधतात आणि सळई घेऊन बाहेर येतात. तोपर्यंत दीर मुलांना घेऊन पोहोचलेले असतात. मग आजोबा आणि नातवंडं मगरिबच्या अजानपर्यंत गल्लीत. अब्बा फटका मारण्याआधी मोठ्याने ‘फोर!’ ओरडतात. समोरून कोणी येत असेल तर सावध करण्याची ही मैदानावरची पद्धत. गल्लीतल्या नव्या भाडेकरूंना ते कळत नाही. पण भाजीवाला बरोब्बर टोपलीवर हात धरून बाजूला होतो.

गोल्फचा हिशोब उलटा असतो. जितके फटके कमी तितकं चांगलं. आणि बॉल जिथे पडेल तिथूनच खेळायचा, गटारीच्या काठाला पडला तरी. क्रिकेटसारखा पंच शेजारी उभा नसतो. आपले फटके आपण मोजायचे आणि विचारलं की सांगायचे. मुलांना हे शिकवताना अब्बा इतर वेळी असतात तसे प्रेमळ राहत नाहीत. एकदा माझ्या धाकट्याचा बॉल पिंपाच्या मागे गेला. त्याने इकडे तिकडे पाहून पायाने हळूच बाहेर ढकलला. तिसरा होल संपल्यावर अब्बांनी विचारलं,

"कित्ते हुए रे?"

"चार, दादाजान."

"पाँव का नै गिना?"

पोरगा गप्प. मग म्हणाला, "पाच."

"पाँच नै, छे. पाँव से मारे तो एक और जुर्माना." आणि पुढे चालू लागले, जणू काही झालंच नाही.

याच संदर्भात ते एक किस्सा सांगतात, त्यांना कुणा साहेबाने चालता चालता सांगितलेला. मी नंतर वाचून पाहिलं तर किस्सा खरा निघाला. बॉबी जोन्स नावाचा अमेरिकन खेळाडू 1925 च्या यूएस ओपनमध्ये फटका मारायला उभा राहिला आणि गवताला काठी लागून बॉल किंचित हलला. कोणाला दिसलं नाही. अधिकाऱ्यांनाही ते पटेना. पण त्याने स्वतःच्या नावावर एक फटका वाढवून घेतला. शेवटी बरोबरी झाली, आणि जास्तीचा सामना खेळून तो एका फटक्याने हरला. अब्बा हा किस्सा सांगून पुढे काही बोलत नाहीत. मुलं दर वेळी विचारतात, "मग तो हरला?" आणि अब्बा म्हणतात, "हाँ, हारा."

हे सगळं लिहायचं कारण गेल्या जमादिलअव्वलमधला एक बुधवार.

आमची वस्ती पुनर्विकासात गेली आहे. वर्षभर सर्व्हे चालू होता, बोटांचे ठसे घेऊन झाले. दारावर नंबर रंगवला. पात्रतेसाठी जुने कागद लागतात, म्हणून अब्बांच्या पेटीतून फोटोपास निघाला, जुन्या मतदार यादीची नक्कल निघाली, विजेचं पहिलं बिल निघालं. फोटोपासवर अब्बांच्या शेजारी सासूबाई आहेत, डोक्यावर पदर, आणि चेहऱ्यावर फोटोवाल्याबद्दलचा संशय. खोली अब्बांच्या नावावर. दहा बाय पंधराची खोली आणि वर पोटमाळा. तीत आज आम्ही पाच जण राहतो. तिच्या जागी तीनशे चौरस फुटांचं पक्कं घर मिळणार, दाराच्या आत नळ, दाराच्या आत संडास. चेंबूरसारख्या ठिकाणी त्या घराची किंमत काय होईल हे मी वाचकांना सांगायला नको.

तेव्हापासून सल्ले सुरू झाले. गल्लीतले, नात्यातले, मशिदीच्या पायरीवरचे. सगळ्यांचा सूर एकच: थोरल्याने सांभाळलं, थोरल्याच्या बायकोने गोळ्या-पथ्य बघितलं, तेव्हा अब्बांनी हयातीतच घर थोरल्याला बक्षीस करून टाकावं. धाकट्याचं मुंब्र्याला स्वतःचं भाड्याचं का होईना बस्तान आहे. आणि मुलगी? मुलगी तर आपल्या घरी सुखी आहे. एका नातेवाईक बाईंनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं की नणंदेकडून ‘हक्कसोड’ आताच लिहून घे, नंतर जावई बदलतात.

घर आमचं झालं असतं तर मला आनंद झाला असता. शाळेतून आल्यावर वीस वर्षं मी या खोलीत पाणी भरलं आहे, पोटमाळ्यावर वाकून पेपर तपासले आहेत. आईच्या जागी मी अब्बांचं केलं, आणि मनापासून केलं. पण नणंदेचं नाव असं सहज पुसलं जाताना ऐकलं की मला माझ्या माहेरची आठवण यायची. वडील गेले तेव्हा आम्ही तिघी बहिणी एका चटईवर बसलो होतो आणि कोणीतरी पुढ्यात कागद ठेवून म्हणालं होतं, "बहिणी भावाकडून घेत नसतात." आम्ही सह्या केल्या. सूरह अन्-निसामध्ये मुलीचा वाटा स्पष्ट सांगितलेला आहे. तो माफ करण्याचा रिवाज मात्र आपणच तयार केला, आणि त्याला मोठ्या मनाचं नाव दिलं.

त्या बुधवारी नेहमीसारखाच सगळा बेत होता. बगारा खाना, दालचा, तळलेला गोश्त, ज्वारीची भाकरी फक्त अब्बांपुरती. इशाची नमाज झाली. खोलीत दस्तरखान अंथरला की पाय ठेवायला जागा उरत नाही, म्हणून मुलांना पोटमाळ्याच्या शिडीवर ताटं देतो. नणंद तिच्या दोन्ही मुलींना घेऊन आली होती. दिरांनी दालच्यातला दुधी उचलून बायकोच्या ताटात टाकला, हे ते लग्नापासून करत आले आहेत. जावबाई नेहमीसारख्या रागावल्या. सगळं नेहमीचंच होतं.

जेवण संपत आलं तेव्हा अब्बा म्हणाले, "मौलाना साहब से मैं बात कर के आया."

आम्ही सगळे थांबलो.

त्यांनी मौलाना साहेबांना दोन गोष्टी विचारल्या होत्या. एक, हयातीत सगळं एका मुलाला दिलं तर? मौलाना साहेबांनी त्यांना नोमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस सांगितली. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषित (स.) यांना साक्षीदार करायला गेले. प्रेषितांनी (स.) विचारलं, तुझ्या सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही म्हटल्यावर त्यांनी साक्षीदार व्हायला नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करायला सांगितलं. वडिलांनी भेट परत घेतली. दुसरी गोष्ट, वसियत. जो आधीच वारस आहे त्याच्यासाठी वेगळी वसियत चालत नाही, बाकीचे वारस राजी असतील तरच. म्हणून अब्बांनी ठरवलं होतं की काहीच वेगळं करायचं नाही. फक्त कागदावर लिहून ठेवायचं की माझ्या माघारी दोन मुलं आणि एक मुलगी, वाटे शरीअतप्रमाणे, कोणी कोणाकडून माफ करून घेऊ नये. कायद्याचे कागद वकील बघेल, पण हे त्यांच्या हाताने लिहिलेलं असावं.

खोलीत शिडीवरच्या मुलांच्या चमच्यांचा आवाज तेवढा राहिला.

मुलांचे अब्बू मान खाली घालून बसले होते. मी त्यांना ओळखते. बापाच्या निर्णयाचं त्यांना दुःख नव्हतं, ते मनात हप्ते मोजत होते. घर काही तोडून वाटता येत नाही. ज्याला त्यात राहायचं त्याने बाकीच्यांचे वाटे पैशांत द्यायचे. म्हणजे आमच्यासाठी पाचातले तीन हिस्से. फिटरच्या पगारावर आणि शिक्षिकेच्या पगारावर.

नणंद लगेच म्हणाली, "अब्बा, मेरे कू नक्को. भाईजान ने किया है सब. मैं माफ करती."

सगळ्यांच्या तोंडून एक निःश्वास निघाल्यासारखा झाला. वाटलं, आता विषय संपला. दिरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"क्या माफ करती तू?" अब्बा म्हणाले. "हात में आया क्या तेरे? पहले ले. तेरे हात में आन दे. फिर साल भर बाद बी दिल बोला तो भाई को दे, नै तो अपनी बेटियों को दे, नै तो समंदर में डाल. अभी जो बोल रई वो तू नै, सब के सामने की शरम बोल रई."

नणंदेचे डोळे भरून आले. ती उठून ताटं गोळा करायला लागली. मी तिच्या मागे मोरीत गेले. आमची मोरी म्हणजे तीन फुटांची जागा, तिथे दोघी उभ्या राहिलो की बोलण्यावाचून इलाज नसतो.

"भाभी, तुम कू बुरा लगा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "हिशोबाचं टेन्शन आलंय. बुरा नाही लागलं." हे मी मराठीतच बोलले. ती मराठी शाळेत शिकली आहे, आणि आम्हा दोघींना मनातलं बोलायचं असलं की मराठी सापडते. ती म्हणाली, लोक काय म्हणतील, भावाच्या डोक्यावर छप्पर आणि ही वाटा मागायला आली. मी म्हटलं, तू मागायला आलीच नाहीस, तू दालचा खायला आलीस. तेव्हा कुठे ती हसली.

बाहेर दीर आणि मुलांचे अब्बू हळू आवाजात बोलत होते. दीर म्हणाले, माझी घाई नाही, तुमच्या सोयीने द्या, दहा वर्षं लागली तरी चालेल. पण लिहून ठेवा. "लिखे तो अपने बच्चे नै लड़ते." दिरांचा मला नेहमीच थोडा राग येतो, दर बुधवारी उशिरा येतात आणि गोश्ताचे तुकडे मोजून खातात. त्या रात्री आला नाही.

अब्बांनी माझ्याकडून शाळेची वही मागून घेतली. उर्दूत चार ओळी लिहिल्या. त्यांचं अक्षर वाकडं आहे, कारण शाळा त्यांनी दुसरीतच सोडली. नावं लिहिली, तारीख लिहिली, खाली सही केली. मला म्हणाले, नीचे मराठी में बी लिख, वकील को उर्दू नै आती. मी लिहिलं. लिहिताना ‘मुलगी’ हा शब्द आला तेव्हा मी तो जरा दाबून लिहिला, पेन नवीन होतं म्हणून असेल.

साडेनऊ वाजले होते. मुंब्र्याला जाणाऱ्यांना कुर्ल्याला गाडी बदलायची होती, म्हणून निघायची गडबड झाली. दोन डबे भरले, एक मुंब्र्याचा आणि एक कुर्ल्याचा. दालचा रात्रभर मुरला की दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, यावर आमच्या घरात कोणाचं दुमत नाही. धाकट्या पुतण्याचा बॉल पिंपाखाली राहिला होता, त्यावरून रडारड झाली. अब्बांनी सळई घालून तो काढून दिला.

नणंदेने चप्पल घातली, मग परत आत आली. तिची थोरली मुलगी सातवीत आहे, तिचं गणित कच्चं आहे आणि नणंदेचंही. तिने मला हळूच विचारलं, "भाभी, दोन भाऊ आणि एक बहीण, तर बहिणीचं नेमकं किती होतं?"

मी वही परत उघडली. पाच चौकोन काढले. दोन थोरल्याचे, दोन धाकट्याचे, एक तिचा. तिची मुलगी खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, "म्हणजे शंभरातले वीस." मी म्हटलं, बरोबर. तिने तो एक चौकोन पेन्सिलीने रंगवला, आणि मग मला म्हणाली, मामी, याच्यावर अम्मीचं नाव लिहू का?

लिही, म्हटलं.